काटा कुणाचा?

लिंबागणेश, ज्येष्ठ वद्य पंचमी

पुण्याच्या मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं. नारूवरचा माझा लेख म्हणे एका गोऱ्या डॉक्टरच्या पुस्तकातून चोरलेला, तेव्हा तो मागे घेतल्याचं लिहून द्या. पुरावा काय? पायातून निघणारा किडा साळिंदराच्या काट्यावर रोज थोडा थोडा गुंडाळायचा, हे दोन्हीकडे आहे.

चोरलेला! ते पुस्तक मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काटा पाहिला तो आमच्या गावच्या सगुणामावशीच्या हातात, माझ्याच पायाचा नारू काढताना.

तसाच उठून तिच्याकडे गेलो. ती हसायलाच लागली. "मास्तर, लई वर्सांमागं एक गोरा सायब आलता. त्यालाबी म्याच दावलं. जाताना एक काटा मागून घिऊन गेला."

बघा! आणि चोर मी?

पण मी तरी काय केलं? 'एक गावठी उपाय' एवढंच लिहिलं. तिचं नाव लिहायला शाई संपली होती?

घेतो लेख मागे. माफीही छापा, पण ती साहेबाची नाही, सगुणामावशीची. आणि साहेबालाही कळवा म्हणावं: लेख मी मागे घेतलाय, आता पुस्तक तुम्ही मागे घ्या.