शेरा: वापरास अयोग्य

तीर्थस्वरूप दाजींना,

ठोंब्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे म्हणून सध्या अर्धाच घातला, उरलेला भेटीत, उभ्यानं.) इकडे सगळं ठीक, म्हणजे कुणी मेलेलं नाही. आपलं पित्त, कंबर आणि स्वभाव या तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. आणि अंगठ्याची सूज गेली का? ताई फोनवर काळजीत होती. डॉक्टरांनी कारण विचारलं तर तुम्ही नुसतं "वय" म्हणालात म्हणे. दाजी, वयानं सुजले तर दोन्ही अंगठे सुजतात. एकटा उजवाच सुजतो तेव्हा कारण वेगळं असतं, आणि ते मला चांगलं माहीत आहे. पण ते पुढे सांगतो. पत्र उघडल्याबरोबर भांडण काढू नये, एवढं वळण बाबांनी आम्हाला लावलेलं आहे.

माझ्या गेमचं काय चाललंय हे तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगतो. मागच्या खोलीत चार वर्षं कोंडून घेऊन, बायकोच्या पगारावर बसून खाऊन, मी तो गेम पुरा केला. ताई आणि मी लहानपणी खेळायचो तसा, अगदी जुन्या वळणाचा: चौकोनी ठिपक्यांचा एक माणूस डावीकडून उजवीकडे चालतो, उड्या मारतो, आडवा येईल त्याला बडवतो, आणि मेला की पुन्हा पहिल्यापासून. नाव "गस्त". सात मजल्यांचं गोदाम, रात्रपाळीचा पहारेकरी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. तो पहारेकरी म्हणजे आपले बाबा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. (मिशी खऱ्यापेक्षा जाड आहे. बाबांनी माझ्या मागे उभं राहून चार ठिपके वाढवून घेतले.) बाबांचे गुडघे जसे दर मजल्याला कुरकुरायचे, तसाच हा माणूसही वर जाईल तसा थोडा हळू होतो, त्याची उडी थोडी आखूड होते. मला वाटलं होतं, हे बघून लोक गहिवरतील.

गहिवरतात कसले! "हिरो म्हातारा आहे." "उडी बिघडली आहे, दुरुस्त करा." "याच्यापेक्षा माझा फ्रिज जोरात पळतो." (या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण ते शेकडो लोकांना आवडलं.) एकानं पैसे परत घेतले आणि वर विचारलं की तरुण पहारेकरी केव्हा येणार. यांना म्हणे जुन्या पद्धतीचा गेम हवा होता! जुनं हवं, पण नव्यासारखं. आजोबांचं कपाट हवं, पण दार कुरकुरता कामा नये. जुन्या गेममध्ये मध्येच सेव्ह करायची सोय नसायची, म्हणून मीही ठेवली नाही, तर त्यावरून लोकांनी नुसता शंख केला. माझी बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. ती म्हणाली, "अहो, दाढ काढतानासुद्धा आम्ही माणसाला मध्ये चूळ भरू देतो." मी तिचं ऐकलं नाही. (तुम्ही ताईचं किती ऐकता तेही मला ठाऊक आहे, तेव्हा मान हलवू नका.)

मग मी लोकांना उत्तरं द्यायला बसलो, आणि तिथे हात दाखवून अवलक्षण झालं. हिरो एवढा हळू का, असं कुणीतरी विचारलं. मी लिहिलं, "तुझ्या बापाला जन्मभर रात्रपाळीला पाठव, मग सांग कोण हळू ते." झालं! संध्याकाळपर्यंत जिकडे तिकडे बोंब, की हा गेमवाला गिऱ्हाइकांचे बाप काढतो. ज्यांचा माझ्या गेमशी काडीचा संबंध नव्हता, असे लोक तो विकत घेऊ लागले, पहिल्या जिन्यापर्यंत जाऊन आपापल्या बापाच्या अब्रूखातर पाचपैकी एकच चांदणी ठोकू लागले आणि पैसे परत घेऊन चालते झाले. ज्या ऑनलाइन दुकानात मी गेम ठेवला आहे, त्या दुकानानं मलाच उत्तरं द्यायला बंदी केली. स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर तोंड बांधून बसलेला वाणी कधी पाहिलात का? मी रोज आरशात बघतो.

एक तरुण आहे, लोकांसमोर गेम खेळून दाखवणं हाच त्याचा धंदा. लाखो लोक त्याला बघतात. त्यानं "गस्त" खेळायला घेतल्याचं कळल्यावर मी मोठ्या हौसेनं बाबांना हाक मारली. बाबा बसले नाहीत; त्यांची सवय तुम्हाला माहीत आहे, कपाटाला टेकून उभे राहिले. तो तरुण दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटाखाली सापडून मेला. पुन्हा आला, पुन्हा मेला. मग त्यानं ज्या शिव्या दिल्या, त्या मी या पत्रात लिहीत नाही, कारण ताई हे पत्र उघडून वाचते. शेवटी त्यानं हातातलं यंत्र भिंतीवर आपटलं आणि बघणारे खूश झाले. बाबा म्हणाले, "हा पोरगा माझ्यावर एवढा का चिडलाय रे?" मी म्हटलं, तुमच्यावर नाही बाबा, माझ्यावर. "पण मरतोय तर मीच ना," ते म्हणाले आणि आत गेले. दाजी, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर त्यांचा एकच प्रश्न: "वर पोचला का कुणी?" त्यांना शेवट बघायचा आहे. मी सांगितलंही नाही त्यात काय आहे ते. म्हटलं, बाबा, गेम करणाऱ्याकडे चोरवाट असते, एक बटण दाबलं की थेट सातवा मजला, दाखवू का? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिजोरी फोडायची म्हणालो. "गस्त म्हणजे गस्त. मधले मजले गाळून सही ठोकणारे पहारेकरी मी खूप बघितलेत." आणि सरळ मार्गानं म्हणाल, तर मी स्वतः चौथ्या मजल्याच्या वर गेलेलो नाही. (हसू नका. हलवायाला कुठे सगळी मिठाई खाता येते?) त्यामुळे रोज सकाळी मी "नाही पोचलं कुणी" म्हणतो, आणि ते चहा संपवतात.

अशात गेल्या महिन्यात "निवृत्त_निरीक्षक" नावाच्या कुणा गृहस्थांचा रिव्ह्यू आला. तुमच्या सोयीसाठी जसाच्या तसा उतरवतो: "सदर इमारतीतील जिन्यांना कठडे नाहीत. दुसऱ्या मजल्यावरील कपाटे भिंतीस पक्की केलेली नाहीत. सहाव्या मजल्यावरील लिफ्टचे लाखेचे सील दाराच्या डाव्या बाजूस दाखवले आहे, ते उजव्या बाजूस असावयास हवे. तेथील निरीक्षकाचे पोट वस्तुस्थितीस धरून नाही. शेवटच्या पडद्यावर पहारेकरी खुर्चीत बसतो व खेळ बंद पडतो. कोणतेही बटण चालत नाही. दहा मिनिटे वाट पाहून यंत्र बंद केले. शेरा: वापरास अयोग्य."

दाजी, गेमचा रिव्ह्यू "सदर" या शब्दानं सुरू करणारा माणूस जगात एकच असू शकतो, आणि तो माझ्या बहिणीच्या घरात राहतो. लिफ्टला सील कुठल्या बाजूला लावतात हे जन्मभर लिफ्ट तपासण्यात घालवलेल्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक असणार? बरं, लिहिलंत ते लिहिलंत, पण लोकांनी ते डोक्यावर घेतलं. आज माझ्या गेमच्या चित्राखाली माणसाला पहिलं काय दिसतं, तर तुमचं "वापरास अयोग्य". आता इतरही तुमच्याच भाषेत लिहायला लागले आहेत. कालच एकानं लिहिलं, "सदर उंदीर चावला." परक्यांनी दगड मारले ते मी झेलले हो, पण घरच्यांनी विटा माराव्यात?

आता त्या पोटाबद्दल. होय, सहाव्या मजल्यावरचा तो खलनायक तुम्हीच आहात. पिशवी, चष्मा आणि एक पाऊल टाकण्याआधी भिंतीवर टकटक करून बघायची खोड, सगळं तुमचंच आहे. बाबांच्या गोदामाची लिफ्ट तुम्ही सील केलीत. मालकानं ती शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही, आणि बाबा निवृत्त होईपर्यंत रोज रात्री सात मजले चढले. त्याच तपासणीच्या दिवशी ताई बाबांचा डबा घेऊन आली होती, आणि तुम्ही लिफ्टचं सोडून तिच्याचकडे बघत होता, असं प्रत्यक्षदर्शी सांगतात. (प्रत्यक्षदर्शी म्हणजे बाबा.) "या माणसानं माझी लिफ्टही नेली आणि मुलगीही," हे त्यांचं वाक्य तुमच्या लग्नात सगळ्या मांडवानं ऐकलं. तेव्हापासून तुम्ही दोघं समोरासमोर बसूनही ताईमार्फत बोलता. ताई म्हणते, दोर तुटायला आला होता, सील केलं नसतं तर बाबाच खाली आले असते. असेल. मालकानं दोर बदलायला हवा होता, हे मलाही कळतं. पण मालक आमच्याकडे जेवायला येत नव्हता. तुम्ही येत होता, म्हणून राग तुमच्यावर निघाला.

आणि तुम्ही काय केलंत? त्या खलनायकाला हरवलंत! लाखोंनी बघितलेला तो तरुण दुसऱ्या मजल्यावर आडवा झाला, मी चौथ्यावर, आणि तुम्ही निवृत्तीच्या वयात, सुजलेल्या अंगठ्यानं, स्वतःलाच काठीनं बडवून सातव्या मजल्यावर गेलात. हे ताईकडून कळलं, तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. (बाबांना मात्र मी अजूनही सकाळी "नाही पोचलं कुणी" हेच सांगतो; तुमचं नाव कोण काढणार?) पण तिथे जाऊन तुम्ही जे लिहिलंत, त्याचा राग मात्र अजून गेलेला नाही. पहारेकरी बसला की डुलक्या काढतो म्हणून मालकानं गेटवरची खुर्ची पहिल्याच वर्षी काढून घेतली होती. बाबा सगळी नोकरी उभे राहिले. घरीसुद्धा उभेच असतात. म्हणून मी शेवटी त्यांना एक खुर्ची दिली. सात मजले चढल्यावर तो माणूस बसतो, संगीत थांबतं, आणि मग कुठलंही बटण दाबा, तो उठत नाही. तिथे काहीच करायचं नाही, दाजी. तो बिघाड नाही. तो बसलाय. चार वर्षं मी त्या एका चित्रासाठी घालवली, अख्ख्या जगात एक माणूस तिथवर पोचला, आणि त्यानं दहा मिनिटं घड्याळ लावून तक्रार नोंदवली.

असो. एक तारखेपासून मी नोकरी धरतो आहे. रंगीत फळं एका ओळीत लावायचा गेम करणारी कंपनी आहे. तिथे कुणी मरत नाही, कुणी चढत नाही, आणि सगळ्यांना पाच चांदण्या मिळतात. जाण्याआधी तेवढी एकच मागणी आहे: मेहुण्यावर उपकार म्हणून तो रिव्ह्यू काढून टाका. पूर्ण काढवत नसेल तर निदान शेवटचा शेरा तरी खोडा. ताईला नमस्कार, भाच्याला एक टपली.

आपला कधी नव्हे तो नम्र,
ठोंब्या
(हे नाव तुम्हीच ठेवलंत, याची आठवण असावी.)

ता. क. रिव्ह्यू काढू नका. आत्ताच बघितलं, या आठवड्यात जे कोणी विकत घेताहेत ते सगळे "वापरास अयोग्य" म्हणजे काय असतं तेच बघायला येताहेत. सील उजव्या बाजूला हलवलं आहे. पोट आहे तेवढंच ठेवलंय. ताईकडून फोटो मागवून खात्री करून घेतली.

ता. क. २. मूळ काम राहिलंच. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, बाबांना जे बघायचं असेल ते आता बघून घेऊ द्या. येत्या रविवारी तुम्ही या. अंगठ्याला पट्टी बांधून या, पण या. बाबांसमोर पहिल्या मजल्यापासून खेळा, एकही मजला न गाळता. हे दुसऱ्या कुणाला जमत नाही, मलाही नाही, नाहीतर तुमच्या पाया पडलो नसतो. बोलायची गरज नाही. तुम्ही पडद्याकडे तोंड करून बसा, ते मागे कपाटाला टेकून उभे राहतील. सहाव्या मजल्यावर तुम्ही स्वतःला बडवाल, तेव्हा ते हसले तर मनावर घेऊ नका.

ता. क. ३. तुम्हाला बोलवायचं तर बाबांना विचारायला हवं, म्हणून पाकीट बंद करण्याआधी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. शेवट काय आहे तेही त्यामुळे त्यांना कळलं. खुर्चीचं ऐकून ते खिडकीशी जाऊन आले. मग म्हणाले, "लिही त्याला, ये म्हणावं. पण मी बसलो की दहा मिनिटांत बंद करू नकोस."