निम्म्या युरियाचा मका

५ ऑगस्ट, मंगळवार

भागिरथीकाकूंचा मका पिवळा पडला! खालच्या पानांच्या टोकाकडून मधल्या शिरेवर पिवळेपणा चढतोय — नत्र कमी पडलंय, शंकाच नको. माझा मका बांधाच्या अलीकडे हिरवागार. दोघांनीही हरभऱ्याच्या रानात मका केला. दोघांनीही युरिया निम्माच टाकला.

सल्ला माझा. जूनमध्ये मीच म्हणालो, "काकू, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींनी रानात नत्र ठेवलंय. युरिया निम्मा पुरे." त्यांनी उलट एक प्रश्न विचारला नाही. शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून लोक माझं ऐकतात.

त्या एका एकरावर त्यांच्या चार गाईंचा वर्षभराचा साठवणीचा चारा, मूरघास, आहे.

६ ऑगस्ट

वर्गात फळ्यावर चुकीचं समीकरण लिहिलं. मुलांनीच दाखवलं.

७ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर काकूंच्या रानात गेलो. विचारलं, "हरभरा विळ्यानं कापला होता ना? मुळं, पाला रानातच?"

"न्हाई वो सर. हिरवाच डहाळा इकला. मुळासकट उपटला, जुड्या बांधल्या, टेम्पो भरला. राहिलेलं शेळ्यांनी खाल्लं."

असं! म्हणजे रानात मागे काही उरलंच नाही. माझा हरभरा वाळल्यावर कापलेला, मुळं जमिनीतच राहिली होती.

"मग आधी सांगायचं ना, काकू!" आवाज चढला माझा.

"मला काय ठावं सर, ते सांगायचं असतंय म्हणून."

घरी येताना हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चहून आल्यावर शेतकरी गटाची बैठक. गटप्रमुख काकासाहेबांनी सुरुवातच केली — "काय भागाबाई, सरांच्या वर्गात नापास झाली व्हय?" सगळे हसले.

मग माझ्याकडे वळले. "सर, आमी निम्म्या युरियाचं धरायचं का सोडायचं?"

मी म्हणालो, "सल्ला बरोबरच होता. काकूंनी हरभरा उपटल्याचं मला सांगितलं नव्हतं."

काकू पदर सावरत उभ्या राहिल्या. "माझंच चुकलं. सरांना कुनी बोल लावू नका."

खरं तेच बोललो मी. मग मान वर का होईना?

११ ऑगस्ट

मरिया जेवताना म्हणाली, "अहो, खरं असेल. पण चारचौघांत कशाला?" मी भाकरी मोडत राहिलो.

माझ्याकडे उरलेली युरियाची गोणी काकूंकडे पोचवली. उशीर झालाय. तुरा यायच्या आत लागू पडला तर थोडंफार सावरेल. पूर्ण नाही.

१३ ऑगस्ट

काकूंनी एक गाय विकायला काढली. गाभण आहे! "चारा पुरायचा न्हाई सर. उपाशी बांधून ठिवण्यापरीस दिलेली बरी." गोणीबद्दल मात्र माझेच आभार मानत होत्या.

१४ ऑगस्ट

मक्याला तुरा कधी येईल ते मोजायला पेरणीची तारीख हवी होती, म्हणून हीच वही मागे चाळली. नजर जानेवारीवर थांबली.

"१९ जानेवारी. भागिरथीकाकूंचा डहाळा आज गेला. जुड्या टेम्पोत चढवायला मीही हात लावला. मुळांवरच्या गाठी किती टपोऱ्या! काकूंनी एक जुडी मरियासाठी दिली."

अक्षर माझंच आहे.