भोंगा वाजला होता का?

४ मार्च, मंगळवार

कालव्याच्या बाई आज आल्या. आल्या एकदाच्या! आधी खात्याने नाही म्हटलं, मग खात्याच्याच वरच्या साहेबाने नाही म्हटलं, आता माहिती अधिकाराचं अपील माझ्या टेबलावर. वर्षभर नुसत्या तारखा.

बाई साठीच्या. मुलगी सात वर्षांची होती. कोरड्या कालव्यात पोरं खेळत होती, वरचं गेट उघडलं, पाणी आलं. एकोणीस वर्षं झाली. खात्याने चौकशी केली, अहवाल लिहिला आणि कुलूप घालून ठेवला. बाईंचा अर्ज दोन ओळींचा — 'गेट उघडण्याआधी भोंगा वाजला होता का? चौकशी अहवालाची प्रत मिळावी.' बस्स! पैसे नकोत, कुणाला शिक्षा नको.

सोबत मुलगा. तिशीचा. आईची पिशवी, आईचा चष्मा, आईची पाण्याची बाटली, सगळं त्याच्याकडे.

खात्याकडून आमचे अपवादराव. (नाव स्टेनोने ठेवलंय. कायद्यातले सगळे अपवाद तोंडपाठ, नियम एकही नाही.) म्हणे, 'अहवाल उघड केल्यास सुरक्षेला बाधा.' मी विचारलं, 'कालव्याच्या गेटाच्या? कोण पळवून नेणार आहे ते?' स्टेनो खाली मान घालून हसली. 'तुम्ही वाचलाय का अहवाल?' — 'वाचायचा प्रश्नच नाही मॅडम. गोपनीय आहे.' आता काय बोलावं या माणसापुढे!

बाईंना समजावलं — का द्यायचं नाही ते खात्याने सिद्ध करायचं असतं, तुम्ही काही नाही. 'बरं झालं बाई,' त्या म्हणाल्या. 'इतकी वर्षं मीच करत होते.'

हुकूम दिला: अहवाल बंद पाकिटात माझ्याकडे. वाचणार फक्त मी.

१३ मार्च

पाकीट आलं. लाख लावलेलं, दोरी बांधलेली. कपाटात ठेवलं. अपवादराव पोचपावतीवर सही घेताना इतके गंभीर, जसा काही घरातला सोन्याचा डबाच सोपवतायत.

मला तर ठाऊकच आहे आत काय असणार. भोंगा नादुरुस्त. ऑपरेटर जागेवर नाही. खाली सगळ्यांच्या सह्या, वरून पांघरूण. अशी पाकिटं शंभर तरी फोडलीत मी. झाकली मूठ सव्वा लाखाची!

१८ मार्च, मंगळवार

पाकीट फोडलं. नोंदवहीत वेळ लिहिली — सव्वा अकरा. बंद केलं बारा वाजून पाच मिनिटांनी. स्टेनो बाहेर, दार लावलेलं. नेहमीचीच पद्धत.

जेवले नाही.

१९ मार्च

लिहिणार नाही. इथेही नाही.

२२ मार्च, शनिवार

ताई म्हणते, 'तुझं काय बिनसलंय? चार दिवस भाजीत मीठ नाही आणि तू मुकाट्याने खातेयस.' मी म्हटलं, काही नाही. तिला कळतं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते. बत्तीस वर्षांत पाकिटातला एक शब्द घरी आणला नाही हेही तिला माहीत आहे.

दुपारी दोघी गच्चीवर कपडे काढत होतो. एकदम विचारून बसले, 'लहानपणी तू मला सांभाळायचीस. कधी विसरून आली होतीस का गं कुठे?'

'दोनदा,' ताई म्हणाली. 'एकदा चुकून.'

एवढं हसले! आणि हसता हसता रडायलाच लागले. ताईच्या हातातल्या चादरीत तोंड खुपसून. ती बिचारी घाबरली. 'अगं, गंमत केली!'

२५ मार्च

आज ऑफिसात भर दुपारी, तीनच्या सुमाराला — कॉरिडॉरमध्ये कुणीतरी चालत होतं. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. चट्... मग काही नाही. चट्... मग काही नाही. उठून दार उघडलं. कुणी नव्हतं. स्टेनो टाईप करत होती. 'काही ऐकलंस?' — 'नाही मॅडम. चहा सांगू?'

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. पण आवाज होता. आणि तो लहान पायाचा होता, चप्पल मात्र मोठी.

लिहूनच टाकते. डोक्यात ठेवलं तर वेड लागेल.

भोंगा वाजला होता. तीन वेळा. चार वाजून दहा मिनिटांनी. गेट उघडलं साडेचारला. नियमाप्रमाणे! ऑपरेटर जागेवर, वहीत नोंद, पलीकडच्या शेतातल्या दोघांनी ऐकल्याचं सांगितलंय. खात्याची काही म्हणजे काही चूक नाही.

आणि पान चौदा. मृत मुलीचा भाऊ, वय बारा, याचा जबाब. अक्षर चौकशी अधिकाऱ्याचं, शब्द पोराचे. 'भोंगा ऐकला. सगळी पोरं वर आली. आम्हीपण आलो. पाणी यायला वेळ असतो ते मला माहीत होतं. माझी एक चप्पल खाली राहिली होती. मी तिला म्हणालो पळत जा, घेऊन ये.'

खाली अधिकाऱ्याने पेन्सिलीने लिहिलंय: 'मुलगा लहान आहे. आईला आणखी हा घाव नको. अहवाल बंद ठेवावा.'

आणि आम्हाला वाटतंय, खातं स्वतःला वाचवतंय! एका माणसाने माया केली, त्यानंतरच्या सगळ्यांनी न वाचता नुसतं कुलूप सांभाळलं. अपवादरावांना शेवटपर्यंत कळणार नाही की ते काय राखत बसलेत.

मुलीच्या मुठीत चप्पल होती. मोठ्या मापाची. वस्तूंच्या यादीत पाचवी.

२७ मार्च

आता पेच. कुणाचा जबाब उघड करायचा तर आधी त्याला नोटीस द्यावी लागते — तुमची हरकत आहे का? नोटीस जाणार त्याच घरात. दार उघडणार आई! सुरेख. कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केलेला नाही, करणार तरी कशाला.

टपालाने पाठवणार नाही. पुढच्या तारखेला हातात देईन.

१ एप्रिल, मंगळवार

सुनावणी झाली. बाईंना बाहेर बाकावर बसवलं, स्टेनोने त्यांना चहा दिला. मुलाला आत बोलावलं, 'एक सही राहिलीय' म्हणून. खोटंही नाही ते. नोटिशीवर सही लागतेच.

त्याने नोटीस वाचली. दोनदा. मग म्हणाला, 'ते पान अजून आहे?'

'आहे.'

'मला वाटलं होतं साहेबांनी फाडलं असेल. ते म्हणाले होते, घरी जा, कुणाला सांगू नकोस.'

बारा वर्षांच्या पोराला! आणि पोराने ऐकलं त्यांचं. अजून ऐकतोय.

मी विचारलं, मग आईबरोबर येता कशाला प्रत्येक वेळी? अडवलं का नाहीत? तो म्हणाला, 'काय म्हणून अडवू?' खरंच, काय म्हणून? आणि म्हणाला, 'भोंग्याचं सांगा तिला. तिचं उंबरे झिजवणं तरी थांबेल. पण तेवढं पान नको, मॅडम. ती माझ्या हातचं जेवते.'

हरकत लिहून दिली. चार शब्द — 'माझ्या आईला कळू नये.' कारणाच्या रकान्यात.

बाहेर गेला तेव्हा बाई विचारत होत्या, 'कसली रे सही?' तो म्हणाला, 'हजेरीची.' आणि पिशवी उचलली.

४ एप्रिल

तीन दिवस घोळतेय. एका तागडीत बाईंचा हक्क. जिची मुलगी गेली तिने कसं गेली ते विचारू नये? असा कुठला कायदा आहे? दुसऱ्या तागडीत हा. त्याचं खाजगीपण, त्याचं बारा वर्षांचं वय. पुस्तकात लिहिलंय, लोकहित जड आहे का ते बघावं. लोक कोण? दोनच माणसं आहेत, एकाच घरात राहणारी.

पूर्ण प्रत द्यावी तर मुलगा जातो. काहीच देऊ नये तर बाई मरेपर्यंत खात्याला शिव्याशाप देणार. तेही ज्याची चूक नाही त्याला.

ताईला आज नाव-गाव न सांगता विचारलं, 'एखाद्याला खरं कळायलाच हवं का गं?' ती तांदूळ निवडत होती. 'कुणाला हवंय त्यावर आहे,' म्हणाली. 'आणि कशाला हवंय.' कशाला हवंय ते विचारायची मला मनाई आहे. अर्जदाराला कारण विचारायचं नाही, हा आमचा पहिला नियम. चांगला नियम आहे. पुष्कळ लोकांना वाचवलंय त्याने.

८ एप्रिल

सुचलं! साप मरेल, काठी मोडणार नाही. अहवाल द्यायचा, पण पान चौदा पूर्ण काळं. जिथे जिथे भाऊ येतो तिथे काळी पट्टी. नाव, वय, नातं, सगळं. वस्तूंच्या यादीतली पाचवी ओळसुद्धा. पेन्सिलीची टीपही. भोंग्याचा भाग मात्र स्वच्छ, शब्दन्‌ शब्द. बाईंनी विचारलंय ते एवढंच. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळेल, मुलाचं झाकलं जाईल.

काळं मी स्वतः केलं. हे काम कुणावर सोपवायचं नाही. मार्करने पुसायचं, मग त्याची झेरॉक्स काढायची, नाहीतर कागद उजेडाला धरला की खालचं सगळं दिसतं. पान चौदाला पूर्ण मार्कर संपला. बोटं काळी झाली. साबणाने तीनदा धुतली तरी नखांत राहिलंच.

'पळत जा' पुसताना हात थांबला. मागे कुणीतरी उभं होतं. वळून बघितलं नाही. लहान मुलं अशी मागे येऊन उभी राहतात ना, काम कधी संपतंय बघत, तसं.

१५ एप्रिल, मंगळवार

निकाल दिला. अपील अंशतः मान्य. नऊ पानांचा निकाल. आमच्या वरच्या साहेबांनी फोन करून सांगितलं, 'फार समतोल. नमुना म्हणून फिरवायला हवा.' अपवादरावांचंसुद्धा तोंड गोड. स्टेनो म्हणाली, 'मॅडम, निवृत्तीच्या आधी एक नंबर काम झालं.'

बाई हजर नव्हत्या. मुलगा एकटाच आला होता. दारातून जाताना मान हलवली. प्रत टपालाने जाईल.

हलकं वाटायला हवं. निकाल दिला की केस डोक्यातून जाते, इतकी वर्षं गेलीच आहे.

१७ एप्रिल

चट्. मग काही नाही.

आज जिन्यात. भर सकाळी दहा वाजता, माणसांची ये-जा चालू असताना. आता काय हवंय तुला? झालं की सगळं!

मोठ्याने बोलले बहुतेक. दोघं तिघं वळून बघायला लागले.

२१ एप्रिल

ताईने डॉक्टरकडे नेलं. ब्लड प्रेशर. गोळी दिली. 'कामाचा ताण आहे का?' मी म्हटलं, संपला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज बाई आल्या. एकट्या. प्रत हातात, चार घड्या घातलेली. 'तो कामावर आहे. त्याला दाखवलेली नाही,' म्हणाल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

'तिला त्यानेच खाली पाठवलं होतं ते मला पहिल्यापासून माहितीये, मॅडम. झोपेत बोलतो तो. पळत जा, घेऊन ये. एकोणीस वर्षं ऐकतेय मी. म्हणून तर भोंगा वाजला नव्हता असा सरकारचा कागद हवा होता. त्याच्यापुढे ठेवला असता. म्हटलं असतं, बाळा, तुला कसं कळणार होतं? गेली ती गेली. हा तरी सुटावा.'

त्यांनी कागद उलगडला. काळ्या पानावर बोट ठेवलं. 'हे पान त्याचंच आहे ना? नका सांगू. पण तुम्ही वाचलंय. वाजला असेल भोंगा, पण त्याने ऐकला नसेल. ऐकला असता तर पाठवलं असतं का त्याने तिला? एवढं एकच सांगा मला. ऐकला होता त्याने?'

'नाही,' मी म्हटलं. 'कागदात तसंच लिहिलंय.'