इवायांना नोटीस

१२ जानेवारी १९९४

घात झाला! पडेगावच्या मंगल कार्यालयाचा मागचा कोपरा खोदत होतो. पहार मारली की गपकन आत. आठ फूट गेलो तरी नुसता भराव — राख, फुटकी कौलं, काळा चिखल. सांडू मिस्त्री म्हणाला, "शेठ, ही बुजवलेली इहीर हाय."

चूक माझीच. जमीन बघायला वेगळा खड्डा कशाला, म्हणून भूमिपूजनाचाच ईशान्येचा खड्डा खोल केला होता. तिथं चार फुटांवर पक्का मुरूम. समजलो, सगळीकडं तसाच. एवढी वर्षं ठेकेदारी केली अन् अक्कल कुठं ठेवली होती?

१३ जानेवारी

करारात साफ लिहिलंय — जमिनीत न ठरलेलं काही निघालं तर हात लावायचा नाही. मालकाला लेखी कळवायचं, दोघांनी मिळून बघायचं, मग जादा कामाचं ठरवायचं. आर्किटेक्ट फोनवर म्हणाले, "आजच नोटीस द्या."

द्या म्हणे! मालक कोण? तात्यासाहेब. आमच्या आशाचे सासरे, माझे इवाई. पोरगी सातव्या महिन्यात, त्यांच्या घरात. तिच्या सासऱ्याला मी नोटीस पाठवू? आशाची आई लक्ष्मी म्हणाली, "भाडेकरूला देतेत नोटीस. तुम्ही जाऊन बोला की." मला पटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन गेलो, सगळं सांगितलं. तात्यासाहेब सुपारी कातरत ऐकत होते. "पाव्हणं, तुमी करा पुढं. लागंल तो खर्च लागंल. आपल्यात कागद कशाला?" लई हलकं वाटलं. आशा चहा घेऊन आली, जरा वाळलेली दिसली.

२२ जानेवारी

पंप लावलाय, पाणी हटत नाय. सांडू म्हणतो, "वरून मुरूम दाबू अन् बांधून टाकू. कुणाला कळतंय?" असा खेकसलो त्याच्यावर! त्या छपराखाली लग्नाची माणसं बसणार, लेकरंबाळं बसणार. तळ लागल्याशिवाय कॉलम उभा करायचा नाय म्हणजे नाय.

२९ जानेवारी

तळ लागला! दगड बघून देवळात नारळ फोडला.

९ फेब्रुवारी

जादा कामाचं बिल घेऊन गेलो. बैठकीत चार परकी माणसं. तात्यासाहेब बिल न बघताच म्हणाले, "कसली इहीर? मला कुणी सांगितलं? नोटीस दाखवा." मी म्हणालो, संक्रांतीला बोललो की तुमच्याशी! "तिळगूळ दिलात पाव्हणं, बाकी काय नाय." माणसं हसली. जावई खाली मान घालून नखं कुरतडत बसला.

अंगाची आग आग झाली. बिलाची घडी खिशात घातली अन् उठलो.

१० फेब्रुवारी

आर्किटेक्ट म्हणाले, "तोंडी सांगितलेलं मी कसं धरू? कुणी ऐकलं असेल तर आणा. नाहीतर लवादाकडं जा."

जाईन हो! पण मग आशाचं काय? सासऱ्याला खोटा पाडणाऱ्याची पोर म्हणून उठता-बसता टोमणे. बाळंतपण तोंडावर आलंय. लक्ष्मी म्हणाली, "सोडून द्या. पोरीचा संसार मोठा का बिल मोठं?" दोघंही जेवलो नाय.

११ फेब्रुवारी

राग जात नाय. त्यांच्यावरचा कमी, स्वतःवरचा जास्त.

१३ फेब्रुवारी

सिमेंटवाला दारात येऊन बसतो. आज काँक्रीटचा मिक्सर विकला. पहिल्या ठेक्यावर घेतलेला. गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला, दिला. आशाला यातलं काही कळवायचं नाय, असं लक्ष्मीला बजावलंय. कार्यालय तेवढं पुरं करून देतो अन् विषय मिटवतो.

१५ फेब्रुवारी

सकाळी आशा रिक्षातून उतरली. एकटी, हातात पिशवी. मला वाटलं, पोटात दुखायला लागलं. ती ओट्यावर बसली अन् म्हणाली, "आबा, काल आर्किटेक्ट बिलाचं विचारायला घरी आलते. मामंजी म्हणले, मला कुणी सांगितलंच नाय. मी बाहेर आले अन् सगळ्यांसमोर म्हणले, आबांनी सांगितलं होतं, मी माझ्या कानानं ऐकलं. पाहिजे तर लिहून देते म्हणले."

लक्ष्मीनं विचारलं, जावई काय म्हणाले?

"त्यांनीच रिक्षा आणली. म्हणले, आता परत येऊ नको."