शेवट गोड असल्याची ग्वाही

६ नोव्हेंबर १९८२
शाळा सुटल्यावर गिरगावात पुस्तकांच्या दुकानात. काउंटरवरच्या दमयंतीबाई म्हणाल्या, सर, संस्कृतातले तुमचे सगळे नायक वारले, आता एखादा चालू काळातला न्या. गिरणी कामगारावरची नवीकोरी कादंबरी पुढ्यात ठेवली. शेवटपर्यंत वाचा मात्र, असंही म्हणाल्या. आगाऊ बाई. घेतली. लालबागला राहून संपाबद्दल अज्ञान शोभत नाही. दिवाळीच्या सुट्टीत फडशा.

१४ नोव्हेंबर
सोळा पानं झाली. गिरणी बंद, नायकाला दुसरी नोकरी चालून येते, तो नाही म्हणतो. पुढची पानं कडेला जोडलेलीच. बाइंडरनं कापलेली नाहीत. सुरी मागितली तर ही म्हणाली, आधी शंकरपाळे. असो. संस्कृत नाटकात नायक शेवटी तरतोच. इथे वेगळं काय होणार?

२८ नोव्हेंबर
शेजारचा रामदास आला. त्याची गिरणी जानेवारीपासून संपात. मेव्हण्यानं भायखळ्याच्या गोदामात वॉचमनची जागा बघितलीय. पर्मनंट, पण धरली की गिरणी विसरायची. काय करू, सर? अडलं की चाळ माझ्याकडेच येते. कादंबरीचा दाखला दिला: नायक नोकरी नाकारतो, शेवटी भोंगा वाजतो, सगळे परत कामावर. खरंच वाजतो? त्यानं विचारलं. म्हटलं, मी वाचलंय ना.

५ डिसेंबर
रामदासनं नकार कळवला. जागेवर दुसरा लागलासुद्धा. त्याची बायको गुणवंती जिन्यात बोलली नाही. मुळात तिरसट. कादंबरी उद्यापासून नक्की, आज सर्दी.

२ जानेवारी १९८३
रामदास पुस्तक मागायला आला. तो भोंग्याचा भाग एकदा वाचतो म्हणाला. पानं जोडलेली आहेत हे तेव्हा सांगणं प्रशस्त वाटलं नाही. दिलं.

९ जानेवारी
पुस्तक परत आलं. पानं ब्लेडनं व्यवस्थित कापलेली. रागावला असता तर माझ्याकडे उत्तर होतं. तो एवढंच म्हणाला, भोंगा नाही वाजत, सर. नायक बायकापोरं घेऊन गावी जातो. मी म्हटलं, शेवटाबद्दल दोन मतं असू शकतात. मागून गुणवंती म्हणाली, असतील ना, आमच्यात पण दोन होती. हे तुमच्या मतावर गेले.

१६ जानेवारी
रामदाससाठी दुकानात शब्द टाकायला गेलो. दमयंतीबाई म्हणाल्या, आमचीच दोन माणसं कमी केलीत. मग विचारलं, शेवट कसा वाटला? म्हटलं, अपेक्षेप्रमाणे.

२३ जानेवारी
रामदासचं बिऱ्हाड आज गावी गेलं. खोलीची किल्ली माझ्याकडे ठेवा, म्हणून हात पुढे केला; भिंतीला भिंत आहे आमची. गुणवंती तीन जिने उतरून खालच्या राधाबाईंकडे देऊन आली.