टाकलेली ज्याची, पोचवा त्याच्या दारी

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली घोषणा शाळेच्या भिंतीवर चढली, पण लंगडी. "टाकलेली वस्तू ज्याची, पोचवा त्याच्या दारी" असं तू लिहिलंस. पेंटरने अक्षरं एवढी थोराड काढली की भिंत संपत आली आणि त्याने "वस्तू" गिळून टाकली. कचेरीत सगळे मला हसतात. स्वच्छता निरीक्षकाच्या नाकाखाली एवढी चूक!

मुलांचं मात्र काही अडलं नाही. शाळा सुटली की रांगेने निघतात, रस्त्यावरचं उचलतात आणि ज्याने टाकलं त्याच्याच उंबऱ्यावर ठेवतात. कसं ओळखतात, देव जाणे. डॉक्टरांना त्यांची सिगारेटची थोटकं परत मिळाली, तेव्हापासून ते मान खाली घालून चालतात. रस्त्यात कागदाचा कपटा दिसत नाही.

काल मुलं माझ्या दारात लाल फणी ठेवून गेली, तीन दात तुटलेली. माझ्या टकलाला फणी कशाला लागते? पोरं पहिल्यांदाच चुकली.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना मी पेंटरला हसत होते, फणीपाशी आले आणि हसू थांबलं. आता बसून वाच.

तुझी बायको आपणहून गेली, असं तू बारा वर्षं सांगत आलास. ती माझ्याकडे होती. तिने शपथ घातली म्हणून मी बोलले नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस. माझ्या शेजारणी तिला टाकलेली म्हणत. घोषणा लिहिताना ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मागच्या वर्षी ती तापाने गेली. ती फणी मीच तिच्या केसांत खोचली आणि फणीसकट तिला निरोप दिला.

ती एकच सांगायची. भर दुपारी दोन तास कडी वाजवली, तू उघडली नाहीस.

मला तुझा राग आहे, पण त्याहून काळजी जास्त आहे. भिंत आजच पुसून घे. माया आहे म्हणूनच लिहिते.
तुझी ताई

१७ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंतीला दोनदा चुना मारला. वाळला की अक्षरं वर येतात. दारात रोज काहीतरी असतं: तिच्या चपला, चष्म्याची काडी, अर्धवट विणलेला माझा स्वेटर.

काल रांगेतल्या शेवटच्या मुलीला विचारलं, अजून किती राहिलंय. ती म्हणाली, सामान संपलं काका, आता फक्त त्या राहिल्या, उद्या आणतो.

ताई, त्या दुपारी मी जागा होतो. दाराला पाठ लावून बसलो होतो, कडीचा प्रत्येक ठोका पाठीत लागत होता. एवढं कुणाला सांगितलं नव्हतं.

शाळा सुटली आहे. रांग गल्लीत वळताना खिडकीतून दिसते. आज मुलांच्या हातांत काही नाही. पुढच्या दोघींनी मात्र मधे कुणाचा तरी हात धरल्यासारखे हात वर उचलले आहेत, आणि त्या फार सावकाश चालताहेत.

पत्र खिडकीतून शेजाऱ्याकडे देतो, तो पेटीत टाकेल. लोभ करण्यासारखं माझ्यात काही उरलं असेल तर कर.

कडी मी काढून ठेवली आहे.
धाकटा