नंबर येण्याआधी दिलेला शब्द

कोपरखैरणे,
बुधवार

प्रिय हादिया,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू हल्ली फारच गुणी मुलीसारखी बोलतेस. 'ठीक आहे अम्मी, अब्बू म्हणतील तसं,' आणि लगेच 'ठेवते'. फ्रॉकच्या रंगावरून माझ्याशी तासभर हुज्जत घालणारी माझी मुलगी स्वतःच्या लग्नाबद्दल एवढ्या थोडक्यात मोकळी होते, हे मला काही पचत नाही. येत्या रविवारी आमिरच्या घरचे तारीख ठरवायला येणार, त्यासाठी तू नाशिकहून रजा काढून येणार, असं ठरलं होतं. अब्बूंनी कळंबोलीला जाऊन आमिरच्या वडिलांना शब्द दिला तो तुला विचारण्याआधीच, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हापासून मी गप्प आहे. तुझी आत्या सगळ्यांना सांगत फिरते की खुर्शीदला मुलीच्या लग्नाची हौसच नाही. सांगू दे.

आमचा रविवारचा पोकर चालू आहे. दिवाळे गावात गोटीरामकाकांच्या ओट्यावर आम्ही तेच चौघं, काका, पुतळाकाकू, अब्बू आणि मी. डावावर पैसे नाहीत, चिंचोके लावायचे. पैसा मध्ये आला तर मी उठेन, हा अब्बूंचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट. आणि चिंचोक्यांसाठी मात्र जीव टाकतात. पुतळाकाकू सकाळी मासळी विकते आणि संध्याकाळी आम्हाला सोलते. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही बाईच्या.

कॉलेजच्या सुट्टीत तू यायचीस तेव्हा आमचे नियम ऐकून हसायचीस. डाव चालू असताना कुणाच्या हातातल्या पानांबद्दल बोलायचं नाही. ज्याने पत्ते टाकले तो पॅक, त्याने डाव संपेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. कुणी विचारात पडलं तर त्याला घाई करायची नाही, मग चहा थंड झाला तरी चालेल. आपला नंबर आल्यावर 'लावले' म्हटलं की ते बांधील. पण नंबर येण्याआधी कुणी बोललं, तर तो शब्द धरायचा नाही, चिंचोके ज्याचे त्याला परत. हा शेवटचा नियम खास तुझ्या अब्बूंमुळे करावा लागला. या माणसाला शाळेत उत्तर येत नसतानाही हात वर करायची सवय असणार.

तर परवाच्या रविवारी डावात मी आणि पुतळाकाकू दोघीच उरलो होतो. मधल्या उघड्या पानांत दोन अठ्ठ्या आल्या. माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं, पण उरलेल्या दोन्ही अठ्ठ्या माझ्याचकडे आहेत असा आव आणून मी ढीगभर चिंचोके पुढे सरकवले. पुतळाकाकू पत्ते टाकायच्या बेतात होती. तेवढ्यात केव्हाचे पॅक झालेले तुझे अब्बू कपाळावर हात मारून ओरडले, "या अल्ला, मी अठ्ठी टाकली!" झालं. माझी थाप उघडी पडली. पुतळाकाकूने माझ्याकडे बघून छान हसून घेतलं आणि सगळा ढीग ओढला. गोटीरामकाका मात्र चिडले. "झहूर, तू पॅक झालास ना? मंग तोंड पन पॅक ठेव. आमी काय येडे हाव का गप बसायला?"

परतताना गाडीत अब्बू उलट माझ्यावरच घुश्शात होते, एवढ्याशा गोष्टीवरून तोंड काय पाडतेस म्हणून. मग मात्र माझा संयम सुटला. मी म्हटलं, माझ्या डावात बोललात त्याचं काही नाही, तुम्ही हादियाच्या डावात बोललात. तिचा नंबरही आला नव्हता. ते म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द, खुर्शीद. चिंचोके नव्हेत ते." मी म्हटलं, आपण चिंचोकेसुद्धा परत देतो हो. ही तर मुलगी आहे.

त्यानंतर घरापर्यंत एक अक्षर नाही. सोमवारीही नाही. जेवताना मीठ हवं होतं तेही स्वतः उठून घेतलं. मला वाटलं, आता हे असंच महिनाभर चालणार, आणि खरं सांगते, मला भीतीही वाटली. तुझ्या अब्बूंची आख्ख्या बाजारात पत आहे ती बोललेलं न फिरवण्यावर. त्यांच्याकडे नेमकं तेच मागणं म्हणजे किती मागणं, हे मला कळतं.

काल सकाळी दुकान न उघडताच ते कळंबोलीला गेले. आले ते दारातच बूट न काढता बसून राहिले. म्हणाले, 'मी त्यांना सांगितलं, मुलीला न विचारता बोललो होतो, माझा शब्द मागे घेतो, माफ करा.' आमिरच्या वडिलांनी चहादेखील विचारला नाही म्हणे. आमिर मात्र त्यांना फाटकापर्यंत सोडायला आला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते अब्बूंनी मला सांगितलं आहे, पण मी तुला सांगणार नाही. आमिर मला कसा वाटतो, तेही नाही. तू ठरवल्यावर हवं तेवढं विचार, मी रात्रभर बोलेन.

रविवारी आता कुणीही येणार नाही. तरी तू ये, तुझ्यासाठी सांदणं करते. अब्बूंना हे सगळं तुझ्याशी बोलायचं होतं. काल त्यांनी फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि परत ठेवला. मग मला म्हणाले, तू मराठीची शिक्षिका, तूच लिही. म्हणून लिहितेय. या घरात सगळे तुझ्या लग्नाबद्दल बोलले, पण ज्या मुलीचं लग्न तिला कुणी विचारलंच नाही. आम्ही दोघं आज विचारतोय, बेटा, तुला आमिरशी लग्न करायचंय का? हवा तितका वेळ घे. आणि अब्बूंनी हे नक्की लिही म्हणून बजावलंय, की तू नाही म्हणालीस, तर तेही सांगायला कळंबोलीला तेच जातील.

तुझीच,
अम्मी